काजळीचे माप आणि प्रकाशाचा तराजू

सदर : विज्ञान आणि व्यवहार

व्यापारी घराण्यांत मुलाला दुकानात बसवताना हिशेबाच्याही आधी तराजू शिकवला जात असे. पारडी रिकामी असताना काटा मध्यावर येतो की नाही, वजनाचा तळ झिजला आहे काय, दांडी एका बाजूला कलते काय, हे पाहिल्याखेरीज माल तोलायचा नाही असा दंडक होता. त्यामागचे शहाणपण साधे होते. माप सदोष असेल, तर तोलणारा कितीही प्रामाणिक असला तरी हिशेब खोटाच निघतो. आज त्याच शहाणपणाची गरज एका वेगळ्या मालाच्या बाबतीत पडू लागली आहे. तो माल म्हणजे श्वासाबरोबर आत जाणारी हवा, आणि त्या हवेतील सर्वांत काळा घटक म्हणजे काजळी.

अलीकडे अनेक घरांत आणि पेढ्यांवर हवेची शुद्धता दाखवणारे तळहाताएवढे यंत्र दिसू लागले आहे. सकाळी दुकान उघडून उदबत्ती लावली की त्याचा आकडा झपाट्याने वर चढतो आणि तांबडा दिवा लागतो. दुपारी माल उतरवणारा डिझेल टेम्पो इंजिन चालू ठेवून दारात उभा राहतो, तेव्हा तोच आकडा पुष्कळदा जेमतेम हलतो. दिवसभर गादीवर बसणारी वडीलधारी मंडळी त्यावरून समजूत करून घेतात की उदबत्ती काय ती वाईट, टेम्पोच्या धुराचे विशेष काही नाही. उदबत्तीचा धूर निरुपद्रवी नाही हे खरे. परंतु टेम्पोविषयीचा निष्कर्ष चुकीचा आहे. दोष यंत्र बिघडल्याचा नसून, ते यंत्र नेमके काय तोलते हे ठाऊक नसल्याचा आहे.

कवडशातील कण

अंधाऱ्या माजघरात झरोक्यातून उन्हाचा कवडसा आला की त्यात असंख्य रजःकण तरंगताना दिसतात. खोलीत दिवा लावला तर ते दिसेनासे होतात. पण ते नाहीसे झालेले नसतात. एरवी सरळ पुढे निघून जाणारा प्रकाश कणावर आदळून बाजूला फेकला जातो आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यात शिरतो, म्हणूनच कवडशातला कण चमकतो. प्रकाशाच्या या विखुरण्याला शास्त्रात विकिरण म्हणतात.

भारतीय परंपरेने या कणाची दखल फार पूर्वी घेतली होती. उन्हाच्या झोतात दिसणाऱ्या या कणाला त्रसरेणू हे नाव होते. प्राचीन स्मृतिग्रंथांत वजनांची मोजणी या कणापासून सुरू होते. जैन ग्रंथांतील लांबीच्या मापांतही त्रसरेणू, रथरेणू, बालाग्र, लीख, यूका, यव आणि अंगुल अशी आठपटीने चढत जाणारी मालिका आढळते. डोळ्याला दिसणाऱ्या सर्वांत लहान वस्तूपासून मापाची सुरुवात करावी, ही कल्पना त्या मालिकेच्या मुळाशी आहे. काजळीचा प्रश्न मात्र त्याही पलीकडचा आहे, कारण तिचा सुटा कण कवडशातही डोळ्याला दिसत नाही.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने या कवडशालाच उपकरणाचे रूप दिले. अंधाऱ्या खोलीत तीव्र प्रकाशझोत सोडून तो हवेतील धूळ तपासत असे. हवा निर्मळ आहे की नाही हे ठरवण्यासाठी झोताचा मार्ग उजळलेला दिसतो का, एवढेच पाहावे लागे. १८७० मध्ये धूळ आणि रोग यांविषयी दिलेल्या व्याख्यानात त्याने एक विलक्षण निरीक्षण मांडले. झोताखाली स्पिरिटचा दिवा धरला असता, उजळ झोतात काळ्याकुट्ट धुरासारख्या लहरी वर चढताना दिसल्या. पाहणाऱ्याला वाटावे की दिव्याचाच हा धूर. टिंडलने मग दिव्याऐवजी तापून लाल झालेली लोखंडी सळई धरली. तिला धूर नसतो. तरीही त्याच काळ्या लहरी दिसल्या. उलगडा असा झाला की उष्णतेने धुळीचे कण जळून गेले होते आणि झोतात वर चढत होती ती कणरहित, स्वच्छ हवा. विखुरणारे काहीच न उरल्यामुळे ती काळी दिसत होती.

या प्रयोगात एक धडा दडलेला आहे. बाजूने पाहणाऱ्याला अंधार दिसला, तर त्याचे अर्थ दोन होऊ शकतात. तेथे कण नसतील. किंवा तेथे असे कण असतील की जे प्रकाश विखुरण्याऐवजी गिळून टाकतात. पहिला अर्थ स्वच्छ हवेचा आहे, दुसरा काजळीचा.

काजळीचा जन्म

तुपाच्या दिव्यावर तांब्याची वाटी उपडी धरून काजळ पाडण्याची रीत जुन्या घरांतून सर्वांच्या परिचयाची होती. ज्योत पिवळी का दिसते, याचे उत्तर त्या वाटीतच सापडते. मायकेल फॅरेडेने १८६०-६१ च्या हिवाळ्यात मुलांसाठी मेणबत्तीवर दिलेल्या प्रसिद्ध व्याख्यानांत ते समजावून सांगितले होते. ज्योतीच्या आत पुरेसा प्राणवायू न मिळाल्याने तेलाचे किंवा मेणाचे घटक पूर्ण जळत नाहीत, त्यांतून कार्बनचे घन कण तयार होतात, आणि तापलेले हे कणच पिवळ्या प्रकाशाने चमकतात. ज्योतीच्या कडेला पोचल्यावर ते जळून जातात. वाटी मध्ये आली की जळण्यापूर्वीच थंड होऊन तिच्यावर बसतात. तेच काजळ.

डिझेलच्या इंजिनात, कोळशाच्या भट्टीत, चुलीत किंवा विटांच्या आव्यात हेच घडते. सुरुवातीला साधारण २० ते ४० नॅनोमीटर व्यासाचे गोल मणी तयार होतात. मानवी केसाची जाडी सुमारे ७०,००० नॅनोमीटर धरली, तर केसाच्या रुंदीत असे दोन-तीन हजार मणी एका ओळीत बसतील. हे मणी एकमेकांना चिकटून वेड्यावाकड्या माळा आणि झुबके बनतात. धुरातून बाहेर पडणारी काजळी म्हणजे अशा झुबक्यांचा समुदाय होय. एवढ्या लहान आकारामुळे ती नाकातील केसांत वा घशातील ओलाव्यात फारशी अडकत नाही, फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगाचे संभाव्य कारण मानले होते. २०१२ मध्ये पुराव्यांचा पुन्हा विचार करून तिने त्याला कर्करोगाच्या निश्चित कारणांच्या गटात घातले.

एकच वजन, वेगळा उजेड

काजळी प्रकाशाने तोलताना अडचण कोठे येते, हे १८७१ मध्ये लॉर्ड रॅले याने मांडलेल्या नियमावरून कळते. आकाश निळे का दिसते या प्रश्नाच्या निमित्ताने त्याने दाखवले की प्रकाशाच्या तरंगलांबीहून पुष्कळ लहान असलेला कण किती प्रकाश विखुरतो, हे त्याच्या व्यासाच्या सहाव्या घातावर ठरते. व्यास दुप्पट झाला तर कणाचे वजन ८ पट होते, पण त्याने विखुरलेला प्रकाश ६४ पट होतो. व्यास चौपट झाला तर वजन ६४ पट, आणि विखुरलेला प्रकाश ४,०९६ पट.

धान्याच्या व्यापाऱ्याला हा भेद एका कल्पनेने पटेल. एका पारड्यात अखंड तांदूळ आणि दुसऱ्यात तितक्याच वजनाची कणी ठेवावी, आणि तराजूने अखंड तांदळाचे वजन ६४ पट दाखवावे, तसा हा प्रकार आहे. ८० नॅनोमीटरच्या एका कणाचे आणि २० नॅनोमीटरच्या ६४ सुट्या कणांचे वजन सारखेच; परंतु तो एक कण त्या चौसष्टांच्या एकत्रित प्रकाशाहून ६४ पट अधिक प्रकाश विखुरतो. पुढे १९०८ मध्ये गुस्टाफ मी या जर्मन शास्त्रज्ञाने तरंगलांबीएवढ्या वा त्याहून मोठ्या गोल कणांसाठीही गणित सिद्ध केले. आजची बहुतेक कणमापक यंत्रे त्या गणितावर उभी आहेत.

काजळीच्या बाबतीत दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ती काळी आहे. ताज्या काजळीवर पडून जो प्रकाश झोतातून कमी होतो, त्याचा साधारण पाऊण भाग ती गिळते आणि जेमतेम पाव भाग विखुरते. मीठ, पाण्याचे तुषार किंवा तेलकट धुराचे फिकट कण यांचे वागणे याच्या अगदी उलट असते. ते जवळजवळ सगळा प्रकाश विखुरतात. म्हणून बाजूला बसून विखुरलेला प्रकाश मोजणाऱ्या यंत्राला फिकट धूर ठळक दिसतो आणि काळा धूर पुसट.

मात्र याच दुर्गुणात काजळी तोलण्याचा मार्ग आहे. लहान मण्यांनी गिळलेला प्रकाश त्यांच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताने, म्हणजेच वजनाच्या प्रमाणात वाढतो. तेथे अखंड तांदूळ आणि कणी असा भेद उरत नाही. हिरव्या प्रकाशासाठी ताज्या काजळीचा एक ग्रॅम सुमारे साडेसात चौरस मीटर क्षेत्रावरचा प्रकाश गिळतो, असे अनेक मोजमापांतून ठरले आहे. चिमूटभर काजळी हवेत नीट पसरली, तर ८० चौरस फुटांच्या खोलीच्या जमिनीएवढा पडदा धरावा, एवढा हा परिणाम आहे.

पेढीवरचे यंत्र काय पाहते

पेढीवर ठेवलेल्या छोट्या यंत्राच्या पोटात एक पंखा, एक तांबडा लेझर आणि त्याच्या बाजूला प्रकाश ओळखणारा संवेदक असतो. पंखा हवा आत ओढतो, कण लेझरच्या झोतातून जातात, आणि बाजूला फेकल्या गेलेल्या उजेडावरून यंत्र कणांचा अंदाज घेते. हा टिंडलचाच कवडसा, पेटीत बंद केलेला. त्यानंतर यंत्र त्या उजेडाचे रूपांतर प्रति घनमीटर मायक्रोग्रॅममध्ये करते. येथे मेख आहे. यंत्राने वजन केलेले नसते. कारखान्यात ज्या प्रकारच्या कणांवर ते जुळवले गेले, तसेच कण समोर आहेत असे गृहीत धरून त्याने वजन अनुमानलेले असते.

हे गृहीत तीन ठिकाणी कोसळते. ०.३ मायक्रोमीटरहून, म्हणजे ३०० नॅनोमीटरहून लहान कण अशा यंत्राला बहुतांशी दिसतच नाहीत, आणि डिझेलच्या ताज्या काजळीचा मोठा भाग त्याच आकाराचा असतो. जे झुबके दिसण्याएवढे मोठे असतात, तेही काळे असल्यामुळे कमी चमकतात. आणि पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत, मिठासारखे कण दमट हवेतील पाणी शोषून फुगतात, तेव्हा यंत्र त्या पाण्याचा उजेडही प्रदूषण म्हणून मोजते. परिणामी श्रावणातल्या धुक्याचा आकडा फुगतो आणि टेम्पोच्या धुराचा आकडा आकसतो.

म्हणून हे यंत्र टाकाऊ ठरत नाही. एकाच जागी, एकाच ऋतूत, कालच्या तुलनेत आज कसे आहे हे ते बऱ्यापैकी सांगते. तळणीचा धूर, धूळ, उदबत्ती, फटाके यांची वर्दी ते चोख देते. फक्त काजळीविषयी ते गप्प राहिले, तर त्या गप्प राहण्याचा अर्थ स्वच्छता असा घेऊ नये.

अधिकृत आकड्यांचीही एक मर्यादा ध्यानात ठेवावी. भारतात २००९ मध्ये ठरलेल्या मानकांप्रमाणे २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या सूक्ष्म कणांची मर्यादा वर्षाच्या सरासरीला ४० आणि २४ तासांना ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तीच अनुक्रमे ५ आणि १५ इतकी खाली आणण्याचा सल्ला दिला. ही सर्व मापे एकूण वजनाची आहेत. मीठ, माती आणि काजळी तेथे एकाच भावाने तोलली जातात. भारतीय मानकांत १२ प्रदूषकांची यादी आहे. काजळीला त्यात स्वतंत्र रकाना नाही.

काळेपणाचे माप

काजळीला तिच्या काळेपणावरून मोजण्याची पद्धतही जुनीच आहे. १८८८ मध्ये पॅरिसमध्ये मॅक्सिमिलियन रिंगेलमान याने पांढऱ्या कार्डांवर काळ्या रेघांच्या जाळ्या छापल्या. शून्यापासून पाचपर्यंत त्यांचे क्रमांक होते आणि प्रत्येक क्रमांकागणिक काळा भाग २० टक्क्यांनी वाढे. दूर उभे राहून गिरणीच्या धुराड्यातला धूर कोणत्या कार्डाइतका करडा आहे ते पाहायचे, एवढेच काम. गिरण्यांच्या मुंबईनेही धुराचा उपद्रव आवरण्यासाठी १९१२ मध्ये स्वतंत्र कायदा केला होता. काळा धूर ही केवळ गैरसोय नसून लोकांच्या हवेवरचे अतिक्रमण आहे, ही जाणीव या शहरात शंभर वर्षांहून जुनी आहे.

डिझेल वाहनाच्या पीयूसी तपासणीतील धूरमापक हे त्याच विचाराचे सुधारलेले रूप. धुराड्यातून आलेला धूर एका नळीत घेतला जातो. नळीच्या एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला संवेदक असतो. गाडी जागेवर उभी ठेवून वेगवर्धक एकदम दाबला जातो आणि किती प्रकाश अडला ते पाहिले जाते. नळीची प्रमाण लांबी ०.४३ मीटर मानली आहे. प्रमाणपत्रावर बीएस-चारपूर्वीच्या गाड्यांसाठी २.४५, बीएस-चारसाठी १.६२ आणि बीएस-सहासाठी ०.७ हे आकडे मर्यादा म्हणून दिसतात. त्यांचा अर्थ त्या नळीत अनुक्रमे ६५, ५० आणि २६ टक्क्यांपर्यंत प्रकाश अडलेला चालेल, असा आहे. येथे विखुरलेला आणि गिळलेला असा दोन्ही प्रकाश हिशेबात येतो, त्यामुळे काजळी लपू शकत नाही. पण अगदी विरळ काजळी या मापाच्याही हाती लागत नाही.

वातावरणातील विरळ काजळीसाठी १९८० च्या दशकात अमेरिकेत बर्कली येथे एथॅलोमीटर विकसित झाला. नावाचे मूळ काजळीने काळे करणे या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. तो हवा पांढऱ्या पट्टीतून ओढतो. पट्टीवर काळा डाग वाढत जातो आणि पट्टीपार जाणारा प्रकाश किती कमी झाला यावरून काजळीचे वजन काढले जाते. पांढऱ्या रुमालाने नाक पुसल्यावर दिसणारा काळा डाग हे याच यंत्राचे घरगुती रूप होय.

कोनांची भाषा

विखुरलेला प्रकाश काजळीपुढे अगदीच निरुपयोगी असता, तर प्रयोगशाळांनी तो केव्हाच सोडला असता. परंतु वजनासाठी दुबळा असलेला हा साक्षीदार आकाराच्या बाबतीत फार बारकाईने बोलतो. अतिसूक्ष्म कण पुढे आणि मागे जवळजवळ सारखाच प्रकाश फेकतो. झुबका मोठा होत गेला की प्रकाश अधिकाधिक पुढच्या दिशेला झुकतो. ज्योतीतून लेझर पाठवून वेगवेगळ्या कोनांत संवेदक बसवले, तर कोनागणिक बदलणाऱ्या उजेडावरून झुबक्याचा विस्तार कळतो. ज्योतीत नळी खुपसली तर काजळी तिलाच चिकटते आणि ज्योतही बदलते. प्रकाश मात्र स्पर्श न करता मोजून जातो.

अशा मोजमापांतून काजळीची रचना उलगडली आहे. भरीव चेंडूचा व्यास दुप्पट केला तर वजन ८ पट होते. काजळीचा झुबका दुप्पट रुंद झाला तर त्याचे वजन केवळ साडेतीन पट होते. याचा अर्थ तो चेंडूसारखा गच्च नाही. विस्कटलेल्या माळेसारखा विरळ आहे, आणि त्या विरळपणामुळे त्याचा पृष्ठभाग फार मोठा आहे. अर्धवट जळालेल्या इंधनाची विषारी द्रव्ये त्या पृष्ठभागाला चिकटून आत जातात. जाणकार संशोधक म्हणूनच दोन्ही साक्षी घेतात. विखुरलेल्या प्रकाशावरून आकार, गिळलेल्या प्रकाशावरून वजन. आणि दोहोंचा मेळ बसला तरच आकडा मान्य.

दवाचा अंगरखा

काजळीचा एकेक कण विखुरलेल्या प्रकाशानेच मोजण्याची एक सुंदर युक्तीही आहे. तिचे मूळ स्कॉटलंडच्या जॉन एटकेनने १८८८ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत आहे. दव पडायला काहीतरी आधार लागतो. हवेत तो आधार सूक्ष्म कण देतात. एटकेनने हवेत कृत्रिमरीत्या दव धरवले आणि प्रत्येक अदृश्य कणाभोवती जमलेला थेंब मोजला. आजच्या यंत्रांत पाण्याऐवजी बहुधा ब्यूटेनॉलची वाफ वापरतात. वीस-तीस नॅनोमीटरच्या कणाभोवती ती साकळते, कणाचा थेंब होतो, आणि लेझरपुढून जाताना तो थेंब स्पष्ट चमकतो. काळ्या कणाला दवाचा शुभ्र अंगरखा चढवला की जो प्रकाश त्याला चुकवत होता, तोच त्याची शिरगणती करतो.

ही युक्ती आता कायद्यात उतरली आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-सहा मानकांत डिझेल मोटारीच्या कणांची वजनी मर्यादा किलोमीटरला ४.५ मिलिग्रॅम आहे. बीएस-चारमध्ये ती २५ मिलिग्रॅम होती. त्याबरोबर संख्येचीही मर्यादा आली : किलोमीटरला सहाशे अब्ज कण. संख्या प्रचंड वाटते, पण ती गाठण्यासाठी धुराच्या मार्गात सच्छिद्र सिरॅमिकची गाळणी बसवावी लागते. या गाळणीनंतर उरणारी काजळी इतकी थोडी असते की ती तोलून कळत नाही, मोजावीच लागते.

येथे व्यापाऱ्याच्या दाराशी येणारा प्रश्न आहे. गाळणी तुंबली की गाडी कुरकुरते, दुरुस्तीचा खर्च मोठा असतो, आणि काही गॅरेजांत सल्ला मिळतो की ती पोकळ करून टाकावी. इंधनही वाचेल आणि पीयूसीही निघेल. आधुनिक इंजिनाचा धूर मुळातच विरळ असल्याने नळीतील दिव्याच्या तपासणीत अशी गाडी पुष्कळदा उत्तीर्णही होते. कारण ते माप गडद धुरासाठी घडलेले आहे. ही फट ओळखूनच बेल्जियमने २०२२ मध्ये आणि नेदरलँड्स व जर्मनीने २०२३ मध्ये नियमित वाहनतपासणीत कणांची मोजणी सुरू केली. प्रमाणपत्र हाती असले तरी पोकळ गाळणीची गाडी ज्या गल्लीत उभी राहते, तेथील हमाल, शेजारचा दुकानदार आणि गादीवरचे आजोबा यांच्या फुप्फुसांत तिची काजळी जातच असते.

व्यवहारात काय करावे

माल चढवता-उतरवताना इंजिन बंद ठेवण्याचा नियम पेढीने स्वतः घालून घ्यावा. त्याला कोणतेही यंत्र लागत नाही आणि डिझेलही वाचते. जनरेटरचे धुराडे शेजाऱ्याच्या खिडकीकडे किंवा स्वतःच्या माळ्याकडे तोंड करून नसावे. गादी शक्यतो रस्त्याच्या कडेपासून आत घ्यावी आणि हवेसाठी वाहतुकीच्या विरुद्ध बाजूची खिडकी उघडावी. हवाशुद्धीकरण यंत्र घ्यायचेच झाले तर त्यात हेपा दर्जाची गाळणी असावी. काजळी तीत अडकते, आणि काही आठवड्यांनी ती किती काळी झाली हे पाहणे छोट्या यंत्राच्या आकड्याहून काजळीविषयी अधिक सांगते. तोंडावर धरलेला रुमाल धूळ थोडी अडवतो, काजळी नाही. रहदारीत फिरणाऱ्या माणसाला घट्ट बसणारा एन-९५ मुखपट्टा उपयोगी.

कापड, सूत, कागद यांची गोदामे असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. छताला लावलेले प्रकाशावर चालणारे धूरसूचक यंत्र विखुरलेल्या प्रकाशावरच काम करते. सुताच्या गठ्ठ्यात धुमसणारी आग पांढरट, मोठ्या कणांचा धूर सोडते. ती त्याला लवकर कळते. तेल, रबर वा प्लॅस्टिक भडकून निघणारा काळा, सूक्ष्म धूर त्याला उशिरा कळू शकतो. गोदामात दोन्ही प्रकारचा माल असेल, तर त्या सूचकाला उष्णतासूचकाची जोड द्यावी आणि कोणत्या मालावर कोणते यंत्र आहे याची नोंद ठेवावी.

गाडीची गाळणी तुंबली, तर ती साफ करावी किंवा बदलावी. हा खर्च ताळेबंदात दिसतो. तो टाळल्याने होणारे नुकसान दुसऱ्याच्या घरी, वैद्याच्या बिलात दिसते, एवढाच फरक. खोटे माप न वापरण्याची शपथ व्यापाऱ्याला नवी नाही. जे माप आपल्या सोयीची गोष्ट पाहत नाही, त्याच्या आंधळेपणाचा फायदा न घेणे हाही त्याच शपथेचा भाग आहे.